वेणीचा सीन

खऱ्या माणसांवरच्या सिनेमांची सालटी काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. या वेळी सिनेमा तिच्याच दिवंगत वडिलांवर होता, जहाजाच्या कप्तानावर. लिहिलेलं परीक्षण तिने आईला वाचून दाखवलं.

"वादळं झकास. पण सुट्टीवर आल्यावर पोरीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालणारा बाप, ही शुद्ध लोणकढी थाप. मी त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या केसांना त्यांनी कधी हातही लावला नाही."

इस्त्री करणाऱ्या आईचा हात थांबला.

"तेवढं काढून टाक."

"का? घातलीय त्यांनी कधी माझी वेणी?"

कापड करपल्याचा वास आला, तरी आईने इस्त्री उचलली नाही.



"घालायचे ते वेणी. तुझी नाही, एवढंच."