घोडा आणि कमान

असाहेल आणि लेम्युएल सख्खे भाऊ. अमेरिकेत, कनेटिकटमधल्या आमच्या बंदुकांच्या कारखान्यात दोघं शेजारी शेजारी बसून बंदुकीचे खटके, म्हणजे चाप ओढताच आपटणारा घोडा, त्याला जोर देणारी कमान वगैरे, घडवायचे, प्रत्येक भागावर आपली खूण कोरायचे आणि एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत.

"त्याला सांग, त्याची कमान बघून शिकाऊ लोहारही लाजेल."

"त्याला सांग, त्याच्या घोड्यापेक्षा आमचं गाढव बरं."

त्या वर्षी राज्याने आपल्या फौजेसाठी बंदुका मागवल्या आणि करारात अट घातली, की कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसला पाहिजे. आम्ही पोट धरून हसलो. अहो, एकाचा घोडा दुसऱ्याच्या खटक्यात बसवायचा तर दिवसभर कानस चालवावी लागे! मालकाने मात्र सगळ्यांना एकाच मापाचे पोलादी साचे दिले आणि त्याबरहुकूम घासायला लावलं.

राज्याचा तपासनीस आला. त्याने आमचे खटके उघडले, सुटे भाग एका टोपलीत ओतून खळाखळा हलवले आणि हाताला येईल तो भाग जोडत गेला. कानस नाही, हातोडी नाही. एकेक खटका टक्‌ करून चालत होता.

त्यातला एक खटका असाहेलने उचलला. घोड्यावर त्याची खूण होती, कमानीवर लेम्युएलची. त्याने घोडा ओढून सोडला. पुन्हा ओढला.

"लेमला काय सांगू?" मी विचारलं.

"तू गप्प बस," तो म्हणाला आणि भावाकडे वळला. "लेम, हे ऐक."