लांबचा रस्ता

पहिल्याच वळणावर केरूनानांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता. ब्रेक मंजुषाच्या पायाशी होता. तिनं ते पाहिलं.

मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरचा तो रस्ता दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं मागं सरावं असा. नानांच्या बाजूला ऊस, निफाडकडं असतो तसा गच्च. मंजुषाच्या बाजूला समुद्र. कठडा कुठंच नाही. काळ्या दगडांवर आपटलेलं पाणी मधूनच थेट डांबरावर येत होतं.

नानांनी तीस वर्षं मखमलाबादहून दादरला झेंडूचा टेम्पो नेला होता. कसारा घाट त्यांना झोपेतही दिसायचा. पण दुसऱ्याच्या शेजारी बसून वळणं घ्यायची सवय नव्हती, आणि पोरीच्या शेजारी तर नव्हतीच. सोळाव्या वर्षी तिनं टेम्पो शिकवा म्हणून हट्ट धरला होता, तेव्हा "पोरींचं काम नाय ते" म्हणत त्यांनी किल्ली खिशात घातली होती. पुढं पुण्यात शिकायला आलेल्या जीवनशी लग्न करून ती इकडं आली. त्याचे पणजोबा कधीकाळी कोकणातून या बेटावर आलेले. गाडी तिला त्यानं शिकवली, याच रस्त्यावर. जीवनला जाऊन आता आठ महिने झाले होते.

डिकीत दोन बॅगा होत्या. एक नानांची, एक तिची. विमान दुपारचं होतं. "पोरीला घेऊनच या, नाहीतर येऊच नका," असं मंजुषाच्या आईनं, नवसाबाईनं, निघताना बजावलं होतं. फोनवर ती मंजुषाजवळ रडलीही होती. त्यावर मंजुषा "येते" म्हणाली होती. नानांच्या इथल्या पंधरा दिवसांत त्या विषयावर तेवढाच एक शब्द.

"विमानतळाला हाच रस्ता जातो का गं?" नानांनी विचारलं.

"दुसरा आहे. मधून जातो. मोठा आहे चांगला."

"मग?"

"हा लांबचा आहे, नाना."

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चालली असती, मंजुषा ती दुसऱ्यातच ठेवून चालवत होती. फुलं सुकायच्या आत बाजार गाठणाऱ्या माणसाला असलं चालवणं ठाऊक नव्हतं. सुरूची झाडं मागं पडली. पत्र्याचं एक दुकान आलं, तसा तिनं हलकेच हॉर्न दिला आणि आतून एका म्हातारीनं न पाहताच हात वर केला.

पुढं डोंगराची एक सोंड समुद्रात घुसली होती आणि रस्ता तिला वळसा घालून दिसेनासा होत होता. मंजुषानं अलीकडंच दोनदा हॉर्न वाजवला आणि थांबली. पलीकडून बस आली, सगळा रस्ता अडवून. तिनं गाडी मागं घेतली, डावं चाक नेमकं उसाच्या बांधावर चढवलं आणि बसला वाट दिली. बसचा ड्रायव्हर शेजारी येऊन थांबला, खिडकीतून वाकून तिथल्या भाषेत काहीतरी बोलला. मंजुषानं हसून उत्तर दिलं.

नानांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ती हसते कशी, हे ते विसरूनच गेले होते.

बस गेली. "काय म्हणत व्हता?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या मुलीला गणित शिकवते मी. सोमवारी तिची परीक्षा आहे. म्हणाला, रविवारी जास्त वेळ येशील ना?"

"तू जानार हाय, हे सांगितलं नाय त्याला?"

"घराबाहेर कुणालाच नाही सांगितलं."

"मग आता काय म्हनलीस?"

मंजुषानं गाडी बांधावरून खाली घेतली. "हो म्हटलं," ती म्हणाली.

नानांना खूप बोलायचं होतं. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय, बाई. सकाळी मळ्यात पाणी भरताना अजून वाटतं, आता तू घरातून हाक मारशील. तू जाऊन नऊ वर्षं झाली, तरी वाटतं. हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि ते उजवीकडच्या पाण्याकडं बघत राहिले. आपला पाय खाली दाबायचा केव्हा थांबला, ते त्यांना कळलंही नाही.

विमानतळावर त्यांनी डिकी उघडली, आपली बॅग बाहेर काढली आणि डिकी लावून टाकली.

"नाना, माझी राहिली."

"गाडी माघारी कोन नेईल?"

"धाकट्या दिरांना सांगितलंय. संध्याकाळी येऊन नेतील."

"त्यांना कशाला तरास," नाना म्हणाले आणि कुलूप लागलं का ते बघायला डिकीची कडी ओढून पाहिली.

मंजुषानं पुढं होऊन त्यांचा हात धरला. पुरा हात नाही, पंचवटीच्या गर्दीत लहानपणी धरायची तशी नुसती दोन बोटं.

"आईला काय सांगाल?"

बोटं तिच्या मुठीत तशीच ठेवून नानांनी आल्या रस्त्याकडं पाहिलं.

"सांगंन," ते म्हणाले, "तिकडं रस्ता लय अरुंद हाय. सवयीचं मानूस लागतं."