एका दिवसाचं कापड

हबीबभाईंनी कैची बाजूला ठेवली, तेव्हाच राजकुमारनं तोंड उघडायला हवं होतं.

पण त्याचं सगळं लक्ष पांढऱ्या लट्ठ्याच्या ताग्याकडे. जुन्या प्रोजेक्टरनंच त्याचा खिसा झाडून नेला होता, निदान पडदा तरी स्वस्तात व्हायला हवा होता. घरची चादर लावून पाहिली, तर व्हिडिओतली माणसं तिच्यावरच्या गुलाबांतून चालू लागली. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची पाठ पांढरी होती खरी, पण उजेड पडला की नुसती चकाकायची. मांजरपाटातून मागचं लिंबाचं झाड दिसलं. हा लट्ठा मात्र दाट होता आणि पन्हाही मोठा. जानेफळच्या बाजारात असा माल हबीबभाईंकडेच.

"जाडच द्या भाई, पण हलक्या भावातला," तो म्हणाला होता. "टिकला नाही तरी चालते. एकाच दिवसाचं काम हाये."

पौर्णिमेची वंदना आटोपून तो विहारातून तसाच आला होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. हबीबभाईंनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं आणि चष्मा काढला.

"कोन गेलं बेटा?"

राजकुमारला हसूच येणार होतं. तेवढ्यात हबीबभाई म्हणाले, "भाव नको विचारू. कफनाच्या कपड्यावर आमी नफा घेत नाही. बापाच्या काळापासून नाही."

हसू घशातच राहिलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. राजकुमारच्या जिभेला त्या क्षणी लाजही नव्हती.

"मावशी," तो बोलून गेला.

मावशी त्याला एकच होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं.

"जनकाबाई?" हबीबभाई गादीवर बसलेच. "आमची अम्मी गेली तवा रातभर बसून होती ते बाई." मग त्यांनी कापडाच्या काठाला नखानं चीर पाडली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. कफनाला कैची लावत नाहीत, हे राजकुमारला आता कुठं आठवलं.

"तू हो पुढं. दुकान बंद करून येतोच मी."

म्हातारा माणूस, एवढ्या लांब कुठला येतोय, असं स्वतःला समजावत राजकुमारनं गाडीला किक मारली. मागं वळून खरं सांगावं, असं त्याला वाटेत दर वळणावर वाटलं. गाडी काही वळली नाही.

दिवेलागणीला गावच्या विहाराच्या अंगणात पडदा ताणला गेला. जनकाबाईची नात मनाली पोलिसात भरती झाली होती, तिच्या परेडचा व्हिडिओ आला होता. मोबाइलवर म्हातारीला नुसत्या मुंग्या दिसायच्या. ही सगळी खटपट तिच्यासाठीच होती. ती सगळ्यांच्या पुढं बसली, आणि मनाली दिसताच उठून थेट पडद्यापाशी गेली.

"कापड लय चांगलं हाये रे. कुठून आनलं?"

राजकुमार प्रोजेक्टरची वायर चाचपू लागला. इतक्यात फाटकाशी स्कूटर थांबली. हातात फुलांचा हार घेऊन हबीबभाई आत आले. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग पडद्यासमोर उभ्या असलेल्या जनकाबाईकडे. राजकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या हबीबभाई, या!" जनकाबाई म्हणाली. "पाहा माही मनाली! अन् हार कोनाले आनला?"

हबीबभाईंनी हातातल्या हाराकडे पाहिलं. अंगणातल्या कुणाला काही कळलं नाही. एकट्या राजकुमारला कळलं, आणि तो मान खाली घालून वाट पाहत राहिला.

"नातीसाठीच आनला," शेवटी ते म्हणाले, आणि हार त्यांनी तिच्या हातात दिला. "अन् बाई, तुमची उमर वाढली आज, एवढं ध्यानात ठेवा."

"आता अजून किती वाढवता?" म्हातारी खळखळून हसली.

हबीबभाई बसले नाहीत. जाताना प्रोजेक्टरपाशी, राजकुमारच्या शेजारी, क्षणभर थांबले.

"चुकलं भाई," राजकुमार कसाबसा म्हणाला.

"कपडा धुऊन घडी करून ठेवजो," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्या कामाले नको लावू. ज्याच्या नावानं फाडला, त्याचाच असते तो."

पडद्यावर मनाली सलामी देत होती. जनकाबाई तिच्या गालावरून हात फिरवत होती, त्या लट्ठ्यावरून, पुन्हा पुन्हा.