वडाप म्हणजे काय हो?

जीप सुटते न सुटते तोच चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "वडाप का म्हणतात हो याला? शब्द आला तरी कुठून?"

ड्रायव्हरचं डोकं सणकलं. वाटेत हात दाखवील त्याला खासगी जीपमध्ये कोंबत न्यायचं, हा मुळातच चोरीचा धंदा. त्यात परवाच एका गाडीवाल्याला कुणीतरी असंच गोड बोलून पकडून दिलं होतं. शब्दाची चौकशी करायला कोण रिकामं बसलंय?

"कसलं वडाप?" आरशातून बघत तो गुरकावला. "घरचीच माणसं आहेत सगळी."

"मी याची आत्या," मागची म्हातारी सरावानं म्हणाली. "मी मेव्हणा," शेजारचे मिशीवाले. बाई हसल्या. ते हसणंही त्याला खटकलं.

पुढच्या वळणावर आरटीओच्या साहेबांनी गाडी अडवली आणि नेमके बाईंच्याच खिडकीशी वाकले. "तुम्ही कोण यांच्या?"

ड्रायव्हरनं मनातल्या मनात जीपवर पाणी सोडलं.

"वहिनी," बाई म्हणाल्या. "सोडा हो लवकर. सासूबाई दवाखान्यात आहेत, आणि या आत्याबाईंनी रडून रडून डोकं उठवलंय."

आत्याबाईंनी घाईघाईनं डोळे पुसले. साहेब बाजूला झाले.

बरंच अंतर गेल्यावर बाई म्हणाल्या, "आता तरी सांगाल?"

"शब्द कुठून आला ते आम्हालाही ठाऊक नाही, वहिनी," तो म्हणाला. "अर्थ मात्र तुम्ही मघाशी साहेबांना सांगितलात तोच. घरचीच माणसं."