पहिला वाडगा

मठात गरिबांसाठी कण्यांच्या पेजेचं पातेलं उतरलं, पण रांग काही पुढे सरकेना.

"काकी, आधी तुम्ही घ्या."

"छे, तू हो पुढे. मला कुठे घाई आहे?"

देणगीदार रघुवीरशेठांचे डोळे पाणावले. पोटात भूक असून केवढी ही माणुसकी. "आज पहिला वाडगा मी घेतो," म्हणत ते उठले.

वाढप्याने वरवर डाव बुडवून वाडगा भरला. शेठनी घोट घेतला. नुसतं खारट पाणी. कणी औषधालाही नव्हती.

"कण्या तळाशी बसतात, शेठ," वाढपी म्हणाला. "ढवळायची आपल्याकडे पद्धत नाही."

शेठ गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

"या शेठ, पुढे व्हा," पुढचा म्हातारा अदबीने म्हणाला.

"छे," शेठ म्हणाले, "मला कुठे घाई आहे?"