चार बोटे

सन २०२४, डिसेंबर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. स्थळ, कोल्हापुरातील एका जुन्या क्रीडा मंडळाचे मैदान. मैदानाच्या उत्तर टोकाला घडीच्या खुर्चीवर निवृत्त प्रशिक्षक भूपाल मगदूम बसले होते आणि आपल्याच हाताखाली घडलेल्या वेगवान गोलंदाजाकडे नासलेल्या दुधाकडे पाहावे तसे पाहत होते.

आदर्श मुरगूडचा. भारताकडून अकरा एकदिवसीय सामने खेळलेला हा गोलंदाज बाराव्यासाठी कुणालाच नको होता, आणि त्याचे कारण देशातल्या पोराटोरांनाही पाठ होते. अखेरचा चेंडू, प्रतिस्पर्ध्यांना हव्यात चार धावा, आदर्शने उडवलेला मधला स्टंप, आणि लगोलग वाजलेला भोंगा. नो बॉल. पाऊल रेघेच्या पुढे चार बोटे. त्याबद्दल मिळालेल्या फ्री हिटवर षटकार बसला. या गोष्टीला दोन वर्षे होऊन गेली. आज नऊ वाजता राज्य संघाच्या निवड समितीचे एक गृहस्थ त्याची गोलंदाजी पाहायला येणार होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी हे दार बंद झाले, की पुढे दार नव्हते.

"या, चार बोटं!" मगदूम म्हणाले. दोन वर्षे ते त्याला याच नावाने संबोधत.

आदर्श नमस्काराला वाकला. मगदूमांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"माझ्या पायाला हात लावू नगंस. तुझा पाय कुठं ठेवायचा, त्येवढं बघ."

मैदान सांभाळणारा पिराजी पंचाच्या जागी उभा राहिला. आदर्शने सहा चेंडू टाकले. वेग तोच होता. चेंडू जाळीत आदळल्यावर मागचे खांब थरथरत होते. पण सहांपैकी चार वेळा पिराजीचा हात आडवा झाला.

"बघ पिराजी, इमानातनं जग हिंडून आलेला गडी! बूट परदेशी, चष्मा परदेशी. अक्कल तेवढी हितलीच. आनि ती मुरगूडच्या बाजारात फुकट ठेवली तरी कोन उचलंना."

आदर्शने घाम पुसला. "सर, धाव सुरू करायची खूण मागं घिऊन बघितली. मोठ्या टीमच्या कोचनी वीतभर मागं घेतली. तरी शेवटच्या टांगंला पाय आपसूक लांबतोय. डोळ्याला रेघ दिसतीया, पर पायाला वाटतंय, अजून जागा हाय."

"पायाला वाटतंय! मग डोकं कशाला ठेवलंयस? फेटा बांधून घ्यायला?"

पिराजी खाकरला.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. गृहस्थ वेळेच्या आधीच आले होते. मगदूम ताडकन उठले. घरातल्या घरात शिष्याची कितीही निर्भर्त्सना करावी. परक्यापुढे त्याची फजिती झाली, तर ती गुरूच्या नावावर जमा होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते भराभर रेघेपाशी आले आणि आवाज दाबून म्हणाले,

"पिराजी, चुन्याच्या फक्कीचा डबा आण. रेघ परत चार बोटं पुढं घे. पळ."

पिराजी हलला नाही. आदर्श मात्र वळला.

"परत?"

मगदूम बोलण्यात फार काटेकोर होते. अधिकउणा शब्द वापरणाऱ्याला ते मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावीत. आज त्यांच्याच तोंडून एक शब्द अधिक गेला होता.

"परत म्हंजे काय, सर?"

मगदूम फाटकाकडे पाहत राहिले. उत्तर पिराजीने दिले.

"तू पंधरा वर्सांचा हुतास. जिल्ह्याची निवड हुती, आनि तुझा पाय सारखा पुढं पडायचा. सर म्हनलं, पोराचा वेग मोडाय नगं. एक दिस रेघच पुढं घिऊया. म्या फक्की वढली. पुढं, मागं घे म्हनून त्येंनी कवा सांगितलंच न्हाई. तीन वर्सं तू त्याच रेघंवर पळलास."

"तवा ह्येचा वेग मोडला असता," मगदूम पुटपुटले, "तर अकरा सोड, एकबी मॅच दिसली नसती."

आदर्शने रेघेकडे पाहिले. मग स्वतःच्या पायाकडे.

"ऱ्हाऊ दे, पिराजीमामा. हाय तिथंच असू दे रेघ."

आणि तो चेंडू घेऊन आपल्या खुणेकडे चालू लागला.

निवड समितीचे गृहस्थ आले. त्यांनी मगदूमांना आदराने हात जोडले आणि जाळीमागे उभे राहिले. पहिले दोन चेंडू निर्दोष पडले. तिसऱ्याने स्टंप मुळासकट उखडला, दोन कोलांट्या खाऊन तो जाळीला टेकला. पण पिराजीचा हात त्याआधीच आडवा झाला होता. चौथ्याला तेच. पाचव्यालाही. गृहस्थांनी सहावा पाहिला नाही. वही मिटून ते आदर्शशी दोन सभ्य वाक्ये बोलले आणि गाडीत बसले. आदर्शने बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी मैदान ओलांडून तो निघून गेला. जाताना त्याने मगदूमांकडे पाहिले नाही.

मगदूम पुन्हा खुर्चीत बसले. चष्मा पुसत म्हणाले,

"म्हनलो न्हवतो? रगातच कच्चं हाय त्येचं. असली पोरं मोठ्या जागंला टिकत न्हाईत."

पिराजी उखडलेला स्टंप उचलून आणीत होता. तो थांबला.

"टिकला असता की. नो बॉल तुमचा हुता, सर."