पोकळ आवाज

लेस्या उद्या एकटीच दूर उत्तरेच्या युकॉन प्रदेशात निघणार होती. तिच्या चाळीस वर्षं जुन्या, राहायच्या ट्रेलरमध्ये गरम पाण्याची टाकी पेटवायची तेवढी बाकी होती. वडील ओरेस्ट अंगणात खुर्ची टाकून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. हयात नळकामात गेलेला माणूस, पण सकाळपासून जागचा हलला नव्हता.

"गरम नळाला धार येतेय ना? मग पेटव की," शेजारचा मर्विन म्हणाला. "ओरेस्ट, पोरीला जरा हात लाव."

"मला घरांचे नळ कळतात. ही चाकांवरची भानगड तिची."

लेस्या मनातून चिडली. तिने लायटर काढला, पण थबकली आणि टाकीवर बोटांनी टकटक केली. आवाज पोकळ आला. नळाला पाणी आणि टाकी कोरडी? अशीच पेटवली असती तर जळून गेली असती. ती पलंगाखाली शिरली. टाकी गोठून फुटू नये म्हणून हिवाळ्यात ज्या कॉकने पाणी टाकीत न सोडता बाजूने वळवतात, तो अजून तसाच होता. तिने तो फिरवला, टाकी भरू दिली आणि मग बर्नर पेटवायला गेली, तर गॅसच येईना.

"सिलिंडर मी सकाळीच बंद केलाय," टरफलं झटकत ओरेस्ट म्हणाले. "आणि तो कॉक ऑक्टोबरात मीच फिरवला होता."

त्यांनी उठून सिलिंडर उघडला आणि ते मर्विनकडे वळले. "हं, आता विचार. कालपासून विचारतोयस ना, एकटी बाई कशी जाणार?"